उपसंहार नसलेले अस्त्र : कृष्णविवर, विज्ञानकथा आणि १९७४ हे वर्ष

एम.ए.च्या वर्गात विज्ञानसाहित्य हा घटक शिकवताना डॉ. जयंत नारळीकरांची 'कृष्णविवर' ही कथा चर्चेला घेतली होती. वर्ग दुपारचा. अर्धे विद्यार्थी मुलुंड-घाटकोपरकडून लोकलने लोंबकळत आलेले, उरलेले सकाळची नोकरी आटोपून आलेले. चर्चा संपत आली तेव्हा मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, कथा चांगली आहे, पण यातलं कृष्णविवर काहीच करत नाही." वर्ग हसला. तो मात्र गंभीर होता. त्याने मोबाईलवरच्या खेळांत कृष्णविवराचे गोळे फेकले होते. चित्रपटांत अख्खे ग्रह कृष्णविवराच्या तोंडी गेलेले त्याने पाहिले होते. ज्याच्या तावडीतून प्रकाशही सुटत नाही, अशी वस्तू लेखकाच्या हाती आली आणि लेखकाने ती कोणावर सोडली नाही, याचे त्याला मनापासून आश्चर्य वाटत होते.

त्या वेळी मी जे उत्तर दिले ते फारसे समाधानकारक नव्हते. 'नारळीकर शास्त्रज्ञ होते, त्यांना विज्ञान समजावून द्यायचे होते,' हे आपण अध्यापक मंडळी वर्षानुवर्षे देत आलेले ठरीव उत्तर मीही दिले. घरी येताना मात्र त्या प्रश्नाने पाठ सोडली नाही. विश्वातील एखादी वस्तू साहित्यात पहिल्यांदा येते तेव्हा ती शस्त्र म्हणून येते की आणखी कोणत्या रूपाने, हा साहित्याच्या इतिहासाचाच प्रश्न आहे. आणि कृष्णविवराच्या बाबतीत या इतिहासाची एक मोठी सोय अशी की त्यातील महत्त्वाच्या घटना एकाच वर्षात, १९७४ मध्ये, एकवटलेल्या आहेत.

एकाच घरात वाढलेली भावंडे

१९७४ कडे येण्यापूर्वी थोडे मागे जायला हवे. कृष्णविवर आणि शस्त्र यांचा संबंध कथाकारांनी जोडला असे वरवर पाहता वाटते. परंतु तो संबंध कथेच्या आधीचा आहे.

रॉबर्ट ओपेनहायमर आणि त्यांचा विद्यार्थी हार्टलँड स्नायडर यांचा एक निबंध १ सप्टेंबर १९३९ रोजी प्रसिद्ध झाला. पुरेसे वस्तुमान असलेला तारा इंधन संपल्यावर स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने कोसळत राहील आणि बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध तुटेल, असे गणित त्यात मांडलेले होते. त्याच दिवशी जर्मन फौजा पोलंडमध्ये शिरल्या आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. कोसळणाऱ्या ताऱ्याचे गणित बाजूला ठेवून ओपेनहायमर अणुबाँबच्या प्रकल्पावर गेले आणि त्या ताऱ्याकडे पुन्हा कधी गंभीरपणे वळले नाहीत. ते काम नंतर हाती घेणारे जॉन व्हीलर हायड्रोजन बाँबच्या कामातून आलेले होते. सोव्हिएत रशियात याच विषयावर मूलभूत काम करणारे याकोव्ह झेल्दोविच हेही तिकडच्या बाँबच्या शिल्पकारांपैकी एक. स्फोट होताना द्रव्य कसे दाबले जाते याचे गणित करणाऱ्यांनाच, तारा आत कोसळताना काय होते याचे गणित करता येत होते.

'ब्लॅक होल' हा शब्दप्रयोग व्हीलर यांनी १९६७ नंतर रूढ केला. त्यांच्याआधी रॉबर्ट डिकी हे शास्त्रज्ञ अशा ताऱ्यांना कलकत्त्याच्या 'ब्लॅक होल'ची उपमा देत असत, अशी आठवण सांगितली जाते. १७५६ च्या जून महिन्यात फोर्ट विल्यममधील ज्या कोंदट कोठडीत इंग्रज कैदी गुदमरून मेले, ती ही कोठडी. मेलेल्यांच्या संख्येबद्दल इतिहासकारांत वाद आहे, पण नावाबद्दल नाही. 'ब्लॅक होल' हा इंग्रज पलटणीतील कोठडीचा नेहमीचा शब्द होता. म्हणजे इंग्रजी नावातच शिपाई, कैद आणि गुदमरणे यांची आठवण दडलेली आहे.

मराठीतील 'कृष्णविवर' या शब्दात ही आठवण नाही. आपल्याकडे विवर म्हणजे पोकळी, गुहा, फार तर चंद्रावरचा किंवा लोणारचा खड्डा. आणि आपल्या कथापरंपरेत विवरात शिरणाऱ्याचे काय होते? वाल्मीकिरामायणाच्या किष्किंधाकांडात सीतेच्या शोधार्थ निघालेले वानर ऋक्षबिलात शिरतात. तिथे त्यांना स्वयंप्रभा भेटते. बाहेर पडल्यावर त्यांच्या लक्षात येते की सुग्रीवाने घालून दिलेली मुदत आतच उलटून गेली आहे. विवराने त्यांना गिळले नाही, त्यांचा काळ नेला. येथे घाईने कोणी 'प्राचीनांना सापेक्षतावाद ठाऊक होता' असे म्हणू नये. तसल्या दाव्यांना नारळीकरांनी आयुष्यभर विरोध केला. मुद्दा विज्ञानाचा नसून शब्दाच्या छायेचा आहे. इंग्रजी शब्दाची छाया कोठडीकडे जाते, मराठी शब्दाची गुहेकडे.

जानेवारी ते मे

आता १९७४. त्या वर्षीच्या जानेवारीत 'अॅनालॉग' या अमेरिकन मासिकात लॅरी निव्हन यांची 'द होल मॅन' ही कथा आली. मंगळावर गेलेल्या तुकडीला तिथे परग्रहवासीयांचे एक सोडून दिलेले ठाणे सापडते. तिथल्या एका यंत्रात अतिसूक्ष्म कृष्णविवर कोंडलेले असावे, असे लिअर या शास्त्रज्ञाचे मत असते. चिल्ड्रे हा तुकडीप्रमुख त्याची सतत टिंगल करतो. एके दिवशी लिअर यंत्राचे क्षेत्र बंद करतो, आतली वस्तू निसटते आणि चिल्ड्रेच्या शरीरातून आरपार जाऊन मंगळाच्या पोटात पडते. चिल्ड्रे मरतो. खून की अपघात? निवेदकाला खून वाटतो, पण न्यायालयात तो सिद्ध कसा करणार? ज्यूरीला आधी कृष्णविवर समजावून द्यावे लागेल, आणि खुनाचे हत्यार पुरावा म्हणून मांडता येणार नाही, कारण ते मंगळाच्या अंतर्भागात येरझारा घालत आहे. या कथेला १९७५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. कृष्णविवर हे खुनाचे हत्यार म्हणून वापरणाऱ्या कथांत ही सर्वांत गाजलेली म्हणायला हरकत नाही.

१ मार्च १९७४ रोजी 'नेचर' या नियतकालिकात स्टीफन हॉकिंग यांचा एक छोटा निबंध आला. शीर्षक होते 'कृष्णविवरांचे स्फोट?' शेवटी प्रश्नचिन्ह. कृष्णविवर पूर्णपणे कृष्ण नसते. त्यातून अत्यल्प प्रारण निसटत असते. जितके ते लहान तितके अधिक तप्त, आणि फार लहान असेल तर ते उत्सर्जन करत करत शेवटी स्फोट पावेल, असा त्याचा आशय.

१८ मे १९७४ रोजी राजस्थानातील पोखरण येथे भारताने पहिला अणुस्फोट केला. सरकारने त्याला 'शांततापूर्ण' असे विशेषण लावले. त्यासाठीचे प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या अणुभट्टीतून आलेले होते आणि तो घडवणारी बरीच मंडळी आपल्या या उपनगरांतच, अणुशक्तिनगराच्या आसपास राहणारी होती. घारापुरीला जाणाऱ्या बोटीतून ज्या अणुभट्टीचा घुमट दिसतो, तिचा संबंध त्या वाळवंटातील स्फोटाशी आहे, हे मुंबईकराला त्या मे महिन्यात कळले.

आणि याच वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' नावाच्या कोणा अपरिचित लेखकाची 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली.

जगताप कोण?

ही हकीकत अनेकांना ठाऊक असेल, तरी तपशील पुन्हा सांगण्याजोगा आहे. केंब्रिजहून परतलेले जयंत विष्णु नारळीकर १९७२ पासून कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते. अहमदाबादेतील एका परिषदेत रटाळ व्याख्यान चालू असताना त्यांनी समोरच्या कागदावर कथा लिहायला घेतली. स्पर्धेला पाठवताना आपल्या नावाचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये म्हणून स्वतःची इंग्रजी आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ना. वि. ज. असे टोपणनाव तयार केले. परिषदेच्या लोकांना त्यांचे हस्ताक्षर ओळखीचे होते, म्हणून कथा मंगलाताईंच्या हस्ताक्षरात उतरवून पाठवली. बक्षीस मिळाले, जगताप कोण ते उघड झाले, आणि मग 'किर्लोस्कर'च्या मुकुंदराव किर्लोस्करांनी कथांची मागणी सुरू केली. १९७५ च्या कराड साहित्य संमेलनात दुर्गा भागवत यांनी अध्यक्षीय भाषणात या नव्या प्रवाहाची दखल घेतली. १९७९ मध्ये मौज प्रकाशनाने 'यक्षांची देणगी' हा संग्रह काढला. पुढे २०२१ मध्ये नाशिकच्या ९४ व्या संमेलनाच्या अध्यक्षपदी नारळीकरांची निवड झाली. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

'कृष्णविवर' ही कथा कृष्णविवराच्या सान्निध्यात काळ मंदावतो या सिद्धांतावर उभी आहे. जो त्याच्या जवळ जाऊन परत येतो, त्याच्या घड्याळाने थोडाच वेळ गेलेला असतो. मागे राहिलेल्यांचे आयुष्य मात्र पुढे निघून गेलेले असते. कृष्णविवर येथे कोणावर चालून येत नाही. ते आपल्या जागी असते, आणि माणसामाणसांच्या काळात अंतर पाडते.

माझ्या विद्यार्थ्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. निव्हनच्या कथेतील कृष्णविवर 'करते', नारळीकरांच्या कथेतील 'असते'. प्रश्न एवढाच की यातले कथेच्या दृष्टीने अधिक काय आहे.

शस्त्र म्हणून त्याची योग्यता

साहित्याच्या अभ्यासकाने येथे थोडा हिशेब करून पाहायला हरकत नाही, कारण शस्त्ररूपी कृष्णविवराच्या बऱ्याच कथा हा हिशेब टाळूनच उभ्या असतात.

कृष्णविवर भोवतालचे सगळे शोषून घेते, हा लोकप्रिय समज चुकीचा आहे. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर ठेवले तर पृथ्वी गोठेल, पण तिची कक्षा आहे तशीच राहील. सूर्याएवढ्या वस्तुमानाचे कृष्णविवर साधारण ३ किलोमीटर त्रिज्येचे असते. पृथ्वीचे करायचे ठरवले तर तिला सुमारे ९ मिलिमीटर त्रिज्येच्या गोळीत कोंबावे लागेल. एका प्रोटॉनच्या आकाराच्या जवळपासचे कृष्णविवर घेतले तरी त्याचे वस्तुमान १ अब्ज टनांच्या घरात जाते. असले हत्यार बाळगणार कोण, नेणार कशावर, आणि नेम धरणार कसा?

बरे, हलके घ्यावे तर हॉकिंग आडवे येतात. त्यांच्या सूत्राप्रमाणे १ हजार टनांचे कृष्णविवर दीड मिनिटही टिकत नाही. तेवढ्या अवधीत त्याचे सगळे वस्तुमान ऊर्जेत रूपांतरित होते, आणि ढोबळ हिशेबाने ती ऊर्जा सुमारे २ कोटी मेगाटन स्फोटकांएवढी भरते. हिरोशिमावरचा बाँब १५ किलोटनांच्या आसपास होता, म्हणजे १ मेगाटनाचा जेमतेम ६५ वा भाग.

म्हणजे निष्कर्ष असा : मोठे कृष्णविवर शस्त्र म्हणून वापरता येत नाही, आणि लहान कृष्णविवर वापरायला गेले तर तो बाँब ठरतो. ओपेनहायमरच्या आयुष्यात जी दोन टोके होती, ती येथे पुन्हा एकत्र येतात. कृष्णविवराचे शस्त्र कल्पिणारा लेखक नवे काही कल्पीत नसतो. अणुबाँबच त्याच्या हाती काळे वस्त्र नेसून येतो.

चांगल्या लेखकांना याची जाणीव होती. निव्हन यांनी १९७५ मध्ये 'द बॉर्डरलँड ऑफ सोल' ही दुसरी कथा लिहिली. तीत ज्यूलियन फॉरवर्ड हा शास्त्रज्ञ सूर्यमालेच्या सीमेवर सूक्ष्म कृष्णविवर बाळगून येणाऱ्याजाणाऱ्या अंतराळयानांची चाचेगिरी करतो, आणि शेवटी स्वतःच त्याच्यात जातो. डेव्हिड ब्रिन यांच्या १९९० च्या 'अर्थ' या कादंबरीत मानवनिर्मित सूक्ष्म कृष्णविवर पृथ्वीच्या पोटात पडते आणि त्याला शोधण्यातच शास्त्रज्ञांची दमछाक होते. चित्रपटांनी मात्र हिशेब सोडून दिला. २००९ च्या 'स्टार ट्रेक'मध्ये लाल द्रव्याचा थेंब ग्रहाच्या गाभ्यात सोडला की कृष्णविवर तयार होऊन ग्रह नाहीसा होतो. गंमत अशी की तिथेही खलनायकाचे जहाज अखेरीस कृष्णविवराच्याच तोंडी जाते.

सोडणारा आणि सुटलेले

या कथांमध्ये वारंवार दिसणारा एक आकृतिबंध आपल्याला फार ओळखीचा आहे. ज्याने सोडले, त्याच्या ताब्यात ते राहत नाही. आपण त्याला भस्मासुर म्हणतो. पण भस्मासुरापेक्षाही नेमकी कथा महाभारताच्या सौप्तिकपर्वात आहे.

रात्री झोपलेल्यांची कत्तल करून पळालेला अश्वत्थामा पांडवांना समोर पाहून एक इषीका, म्हणजे गवताची काडी, उचलतो आणि तिच्यावर ब्रह्मशिर अस्त्राची योजना करतो. शस्त्राचा आकार आणि त्याचा संहार यांचा संबंध नाही, हे तेथे एका काडीने सांगितले आहे. अर्जुनही तेच अस्त्र सोडतो. व्यास आणि नारद मध्ये उभे राहून दोघांनाही ती आवरायला सांगतात. जेथे हे अस्त्र दुसऱ्या महास्त्राने रोखले जाते, तेथे बारा वर्षे पाऊस पडत नाही, अशी समज दिली जाते. अर्जुन आपले अस्त्र मागे घेतो. अश्वत्थाम्याला ते जमत नाही. सोडण्याची विद्या त्याच्याकडे आहे, आवरण्याची नाही. म्हणून तो ते पांडवांच्या गर्भांवर वळवतो.

अस्त्र मागे घेण्याच्या या क्रियेला संस्कृतात उपसंहार म्हणतात. आपण साहित्याचे लोक हाच शब्द ग्रंथाच्या समारोपासाठी वापरतो, आणि त्याचा हा दुसरा अर्थ सहसा आपल्या ध्यानात नसतो. 'जे पसरले ते आवरून घेणे' हा दोन्हींतला समान अर्थ. या दृष्टीने पाहिले तर शस्त्ररूपी कृष्णविवर हे उपसंहार नसलेले अस्त्र आहे. ते आवरणारा अर्जुन संभवत नाही. आणि म्हणूनच त्याच्या कथेलाही उपसंहार सापडत नाही. 'द होल मॅन'चा शेवट वाचा : खुनी मोकळा, हत्यार ग्रहाच्या पोटात, आणि कधीतरी तो ग्रहच राहणार नाही ही जाणीव. तेथे कथा संपत नाही, थांबते. मला तरी निव्हन यांच्या कथेचे खरे सामर्थ्य खुनाच्या युक्तीत नसून या न आवरता येणाऱ्या शेवटात दिसते.

नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांनीही हा प्रश्न हाताळला होता. त्यांच्या १९५७ च्या 'द ब्लॅक क्लाउड' या कादंबरीत सूर्यमालेत आलेला एक प्रचंड काळा मेघ बुद्धिमान असल्याचे शास्त्रज्ञांना कळते. ते त्याच्याशी बोलू लागतात. राजकारणी मात्र घाबरून त्याच्यावर हायड्रोजन बाँबची अग्निबाणे सोडतात. मेघ ती शांतपणे उलटी फिरवतो आणि ती सोडणाऱ्यांच्याच देशांतील शहरांवर कोसळतात. जी काळी वस्तू समजून घ्यायची, तिच्याकडे शस्त्राच्या भाषेत पाहिले की काय होते, हे या प्रसंगात आहे. अशा गुरूच्या हाताखाली तयार झालेला लेखक कृष्णविवराकडे कसा पाहील, याचा अंदाज बांधता येतो.

दुसरी बाजू

येथवर वाचून कोणी म्हणेल की हे नारळीकरांचे समर्थन झाले. तेव्हा आक्षेपही मांडले पाहिजेत.

पहिला आक्षेप संस्थेचा. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली ती मराठीतून विज्ञानप्रसार करण्यासाठी. शीव-चुनाभट्टीचे तिचे विज्ञान भवन आजही त्याच कामासाठी ओळखले जाते. अशा संस्थेच्या स्पर्धेत बक्षीस मिळवणारी कथा बोधाकडे झुकणार, खुनाच्या हत्याराकडे नाही, असे म्हणता येईल. यात तथ्य आहे. मराठी विज्ञानकथेवर बोधवादाचा शिक्का बसला तो अगदी अकारण नाही. परंतु स्पर्धेने बोध मागितला असेल, तरी काळाच्या दुराव्याचा विषय तिने मागितला नव्हता. तो लेखकाने निवडला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मराठी विज्ञानकथा शस्त्रापासून दूर राहिली, हे खरे नाही. नारळीकरांच्याच 'धूमकेतू' या कथेत पृथ्वीच्या वाटेवर येणारा धूमकेतू अण्वस्त्रांच्या स्फोटाने बाजूला सारला जातो. 'हिमप्रलय'मध्ये मुंबईत बर्फ पडते, आणि हिमयुग रोखण्यासाठी अग्निबाणांच्या साहाय्याने वातावरणात धातूचे कण सोडले जातात. त्या मोहिमेची भाषा स्वारीचीच आहे. अण्वस्त्र हे तारक ठरू शकते, ही कल्पना १९७४ च्या 'शांततापूर्ण' या विशेषणापासून फार लांब नाही. होमी भाभांनी टाटा संस्था आणि ट्रॉम्बेचे केंद्र ही दोन्ही उभी केली. एकीकडे मूलभूत संशोधन, दुसरीकडे अणुशक्ती, आणि माणसांची ये-जा दोहोंत. मुंबईच्या विज्ञानलेखकाला हा शेजार विसरून लिहिणे शक्य नव्हते. तेव्हा मराठी विज्ञानकथा निःशस्त्र होती असे म्हणणे भाबडेपणाचे होईल.

तरीही एक भेद उरतो, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा आहे. नारळीकरांच्या कथांत शस्त्र येते तेव्हा ते माणसाने माणसाकरिता बनवलेले, ओळखीचे शस्त्र असते, आणि त्याला दुसरे काम दिले जाते. विश्वातील वस्तूचे शस्त्र केले जात नाही. 'गंगाधरपंतांचे पानिपत' आठवून पाहावे. तेथे तर रणांगणच आहे, गोळीही सुटते. परंतु ती विश्वासरावांना लागत नाही, आणि कथेचा सगळा रस गोळीत नसून, ती चुकल्यामुळे काळ कोणत्या निराळ्या वाटेने गेला असता यात आहे. 'कृष्णविवर' आणि 'पानिपत' या दोन कथा शेजारी ठेवल्या की लेखकाची खरी आस्था दिसते. त्याचा नायक काळ आहे.

याला शास्त्रीय बाजूही आहे. १९७४ मध्येच नारळीकर, अप्पाराव आणि नरेश दधीच यांचा एक निबंध 'नेचर'मध्ये आला, तो श्वेतविवरांमधून बाहेर पडणाऱ्या उच्च ऊर्जेच्या प्रारणाविषयी. श्वेतविवर म्हणजे कृष्णविवराची काळाच्या दिशेने उलटी बाजू. कृष्णविवरातून काही बाहेर येत नाही, तर श्वेतविवरात काही आत जाऊ शकत नाही, सगळे बाहेरच येते. ज्या वर्षी अमेरिकेतील लेखक कृष्णविवर माणसाच्या देहातून आरपार नेत होता, त्या वर्षी कुलाब्यातील हा लेखक त्याची घड्याळाचे काटे उलटे फिरवलेली बाजू तपासत होता.

भीती आणि श्रवण

हा भेद केवळ साहित्यिक नाही, याचा अनुभव आपण २००८ मध्ये घेतला. १० सप्टेंबर २००८ रोजी जिनिव्हाजवळचा महाआघातक सुरू व्हायचा होता. त्यात सूक्ष्म कृष्णविवर तयार होऊन पृथ्वी गिळंकृत होईल, अशी भीती पसरली. हवाईमधील न्यायालयात त्याविरुद्ध खटलाही गुदरला गेला होता. आपल्या वृत्तवाहिन्यांनी प्रलयाची चित्रे दाखवण्यात कसर ठेवली नाही. त्याहून कितीतरी अधिक ऊर्जेचे वैश्विक किरण अब्जावधी वर्षे पृथ्वीवर आदळत आहेत आणि पृथ्वी जागेवर आहे, हे शास्त्रज्ञांचे साधे उत्तर त्या गदारोळात बुडाले. लोकांच्या मनात कृष्णविवराची जी प्रतिमा होती ती 'द होल मॅन'च्या वंशातील होती, 'कृष्णविवर'च्या नव्हे. त्या वेळी त्या प्रयोगात टाटा संस्थेचे शास्त्रज्ञ सहभागी होते आणि मराठीत या विषयावर चौतीस वर्षांपूर्वीची एक कथा उपलब्ध होती. आपण मराठीच्या अध्यापकांनी ती त्या आठवड्यात वर्गात वाचून दाखवली का? मी तरी नाही दाखवली. नेमून दिलेल्या पुस्तकात ती नव्हती, एवढे कारण मला तेव्हा पुरेसे वाटले होते.

पुढे १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी टिपल्या. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानांची ती विवरे एकत्र आली आणि ३ सूर्यांएवढे वस्तुमान लहरींच्या रूपाने विश्वात पसरले. कोणत्याही शस्त्रागाराला लाजवील एवढी ही ऊर्जा. पृथ्वीवर पोहोचेपर्यंत मात्र ती प्रोटॉनच्या व्यासाहून कितीतरी सूक्ष्म अशी थरथर उरली होती, आणि ती ऐकण्यासाठी माणसाला चार किलोमीटर लांबीच्या भुजा बांधाव्या लागल्या. अशाच भुजांची वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. नामदेवांच्या आठवणीने पवित्र झालेल्या त्या परिसरात कृष्णविवरे ऐकण्याची तयारी व्हावी, हा योगायोगच. पण ऐकण्यासाठी वस्तू आपल्या जागी असू द्यावी लागते.

त्या विद्यार्थ्याला पुढच्या तासाला मी दोन्ही कथा शेजारी ठेवून वाचायला सांगितल्या. निव्हनची कथा त्याला अर्थातच अधिक आवडली, आणि त्यात गैर काही नाही. ती चांगली कथा आहे. मात्र टिपण लिहिताना त्याने एक प्रश्न शेवटी टाकला होता : चिल्ड्रे मेल्यावर लिअरचे पुढे काय झाले असेल, आणि तो मंगळाकडे पाहत असेल का? सुटलेल्या अस्त्राकडून तो सोडणाऱ्याच्या उरलेल्या आयुष्याकडे, म्हणजे काळाकडे वळला होता. तेथून नारळीकरांची कथा फार दूर नाही, असा शेरा मारून मी टिपण परत केले.